लेक माहेरी, नोंद सासरी

गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत रक्तदाब वाढून एखादी बाई दगावली किंवा तिचे मूल पोटातच गेले, की आपण दोन कारणांवर बोट ठेवून मोकळे होतो. गाव आडबाजूला होते, गाडी वेळेवर मिळाली नाही, हे एक. घरच्यांनी दुखणे अंगावर काढू दिले, हे दुसरे. भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या बाबतीत (वेल्ह्याचे अधिकृत नाव आता राजगड तालुका) पहिले कारण ऐकताक्षणी पटते. भाटघरच्या पाण्याने दोन काठांवर विभागलेले वेळवंड खोरे, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाचा हिरडस मावळ, तोरण्यापलीकडे केळदपर्यंतच्या वाड्यावस्त्या, पावसाळ्यात दरडींमुळे वरचेवर बंद पडणारा वरंधा घाट. नकाशा समोर धरला तरी उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

हे उत्तर उथळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता आणि गाडी यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण गर्भारपणातला रक्तदाब हा बहुतेक वेळा तासाभरात जीव घेणारा आजार नाही. तो काही दिवसांची, कधी काही आठवड्यांची सूचना देतो. ती सूचना वाचायची तर एकाच बाईचा रक्तदाब पुन्हा पुन्हा आणि नीट मोजावा लागतो. ही मोजणी सर्वांत जास्त गरजेची असते त्याच आठवड्यांत ती तुटते. आपली रीत आणि आरोग्यव्यवस्थेची रचना, दोन्ही मिळून ती तोडतात. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते आणि तिच्या आधीच्या सहा महिन्यांची नोंद सासरच्या उपकेंद्रात राहते. भोर-वेल्ह्यातला धोका किलोमीटरमध्ये आहे त्याहून जास्त या तुटण्यात आहे. हे म्हणणे मी टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. मूळ मनात नाही, वारेत आहे

गरोदर बाईचे बीपी वाढले म्हटले की घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कसलं टेन्शन घेतलंस?" सासूला वाटते सुनेने काहीतरी मनाला लावून घेतले. सुनेला वाटते आपलेच काही चुकले. पन्नाशीतल्या माणसाच्या रक्तदाबाशी या आजाराचे नाव जुळते, मूळ मात्र जुळत नाही. याचे मूळ वारेत आहे. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद व सैल करून ठेवतात. पुढे पाणी जास्त लागणार म्हणून आधीच पाट रुंद करून ठेवावा, तसे हे काम. काही स्त्रियांमध्ये ते अर्धवट राहते. पहिले काही महिने त्याचा पत्ता लागत नाही, कारण बाळाची गरजच लहान असते. बाळ वाढू लागले की वारेला रक्त अपुरे पडते आणि ती आईच्या रक्तात अशी प्रथिने सोडते की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. यातले एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन अनंत करुमंची यांच्या संशोधकगटाने २००३ मध्ये पुढे आणले.

अस्तर मूत्रपिंडात बिघडले की लघवीतून प्रथिन जाते. यकृताला झळ लागली की उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली दुखते, आणि घरात "पित्त झालंय" म्हणून सोडा-लिंबू दिले जाते. मेंदूला लागली की न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, धूसर दिसणे आणि शेवटी झटके. पायांवर सूज तर बहुतेक पोटुशींना येते. पण ओटीभरणात भरलेला हिरवा चुडा मनगटात रुतू लागला, सकाळी उठल्यावर चेहरा भरलेला दिसला, तर त्या सुजेकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला की वैद्यकशास्त्र त्याला वाढलेला म्हणते. १६०/११० म्हणजे तातडीचा धोका.

मूळ वारेत आहे म्हटल्यावर दोन सल्ले आपोआप गळून पडतात. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. बाईला खाटेवर झोपवून ठेवल्यानेही टळत नाही. जागतिक आरोग्य संघटना या आजारापासून बचावासाठी हे दोन्ही सुचवत नाही. अळणी जेवणाने बाई दोन घास कमी खाते, एवढेच घडते. कॅल्शियमचे तसे नाही. ज्या समाजाच्या जेवणात कॅल्शियम कमी आहे तिथे गोळ्यांनी धोका कमी होतो, याला भक्कम पुरावा आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून रोज दोनदा ५०० मिलिग्रॅमची गोळी आहे. २०२४ मध्ये बेंगळुरू आणि टांझानिया इथल्या प्रत्येकी ११,००० स्त्रियांच्या अभ्यासांनी दाखवले की रोज ५०० मिलिग्रॅमही १,५०० इतकेच उपयोगी ठरू शकते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घ्यायची नसते, हे मात्र गोळ्या हातात देताना सांगायचे राहून जाते. मावळच्या डोंगरउतारावरच्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ती भाकरी ताटातून मागे हटली, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

२. एकट्या आकड्याला अर्थ नसतो

समजा, बत्तिसाव्या आठवड्यात एका मुलीचा रक्तदाब १३२/८६ भरला. तपासणाऱ्या सिस्टर म्हणतील, ठीक आहे, १४०/९० च्या आत आहे. पण हिचा तिसऱ्या महिन्यातला रक्तदाब ९६/६० असेल, तर हा आकडा ठीक नाही. गर्भारपणाच्या मध्यात रक्तदाब थोडा उतरतो आणि अखेरीस पूर्वपदावर येतो. ही चढण किती आणि किती दिवसांत झाली, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. म्हणजे आजचा आकडा वाचायला मागचा आकडा लागतो, आणि पुढचा आकडा कधी घ्यायचा तेही मागच्यावरून ठरते. कार्डावर ओळीने लिहिलेले सहा-सात आकडे हे एक निदान असते. सुटा आकडा म्हणजे फक्त त्या दिवशीची हजेरी.

जगाने हा धडा एकदा शिकून मग विसरलाही आहे. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये गरोदर स्त्रीच्या तपासणीचे वेळापत्रक ठरवले: सोळावा, चोविसावा, अठ्ठाविसावा आठवडा, मग छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दर आठवड्याला. अखेरीस भेटी दाट करण्यामागे हाच आजार हुडकण्याचा मोठा हेतू होता. २००१ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी चार भेटींचा आटोपशीर नमुना पुढे केला. पुढे आढावा घेतला तेव्हा भेटी कमी केलेल्या ठिकाणी बाळे दगावण्याचे प्रमाण जास्त दिसले, आणि २०१६ मध्ये संघटनेनेच आठ भेटींची शिफारस केली. त्यांपैकी पाच तिसाव्या ते चाळिसाव्या आठवड्यांत आहेत. आपल्या व्यवहारात अजून "किमान चार तपासण्या" हाच मापदंड आहे. त्या चार झाल्या की कागद पूर्ण होतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात. २०१६ पासूनचा हा उपक्रम चांगला आहे, तो टिकावा. पण एका ९ तारखेपासून पुढच्या ९ तारखेपर्यंत तीस दिवस असतात, आणि तेहतिसाव्या आठवड्यात हा आजार चांगल्या आकड्यापासून झटक्यापर्यंत पंधरा दिवसांतही पोहोचू शकतो. महिन्यातून एकदा पडणारी ही जाळी या माशासाठी फार मोठ्या विणीची आहे.

३. सातवा महिना

आता रीतीकडे येऊ. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झाले, की भाऊ किंवा वडील येऊन लेकीला घेऊन जातात. ही रीत मला वाईट वाटत नाही. सासरी कामाला जुंपलेली मुलगी आईकडे विसावते, हक्काने मागून खाते, दुखले-खुपले मोकळेपणाने बोलते. पण वैद्यकीय अंगाने पाहिले तर तीन गोष्टी एकाच वेळी येऊन मिळतात. हा आजार पहिल्या गरोदरपणात सर्वांत जास्त होतो. तो प्रामुख्याने अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यानंतर उघडा पडतो. आणि पहिलटकरणीच, नेमक्या त्याच सुमारास, गाव बदलतात.

भोर-वेल्ह्यात हे गाव बदलणे जास्त गुंतागुंतीचे आहे. इथली बरीच तरुण जोडपी वर्षभर इथे नसतात. नवरा पुण्यात, मुंबईत, नाहीतर शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत. संसार कात्रज-धायरीच्या एका खोलीत. तपासण्या तिथल्याच एखाद्या खासगी दवाखान्यात. तिथे सरकारी कार्ड नसते, डॉक्टरांची फाइल असते. सातव्या महिन्यात ती मुलगी आईकडे वेळवंड किंवा कानद खोऱ्यात येते, आणि फाइल खोलीवरच्या ट्रंकेत राहते. उलटही होते. डोंगरातली सून बाळंतपणासाठी शहराजवळच्या माहेरी जाते आणि तिथल्या दवाखान्यात "आजपर्यंत काही नव्हतं ना?" या एका प्रश्नावर तिचा सारा पूर्वेतिहास आटोपतो.

कागदोपत्री ही अडचण सुटलेली आहे. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायचे असते, संगणकावरचा आरसीएच नोंदणी क्रमांक कुठेही तोच राहतो. पण क्रमांक सोबत आला म्हणून तिला ओळखणारी नजर सोबत येत नाही. सासरच्या गावची आशाताई तिला पाचव्या महिन्यापासून ओळखते. तिचा चेहरा सुजला तर तिला कळेल. माहेरच्या गावची आशाताई तिला लग्नाआधीची मुलगी म्हणून ओळखते, गरोदर बाई म्हणून नाही. शिवाय आशांचा मोबदला ठरावीक कामांवर आणि ठरावीक यादीवर बेतलेला आहे. चार महिन्यांसाठी आलेली लेक त्या यादीत बसवायची तर वेगळी खटपट पडते. सासरच्या यादीत ती "माहेरी गेली" म्हणून राहते, माहेरच्या यादीत उशिरा चढते. या दोन नोंदींमधले तीन-चार आठवडे कोणाचेच नसतात.

उपाय अवघड नाही, म्हणून तर चीड येते. पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रत्येक पहिलटकरणीला विचारायचे, बाळंतपणाला कुठे जाणार. त्या गावाचे, तिथल्या उपकेंद्राचे नाव आणि आईचा फोन कार्डावर लिहायचा. ती निघाली की इकडच्या सिस्टरने तिकडच्या सिस्टरला फोन करून सगळे आकडे सांगायचे, आणि तिकडच्या आशाताईने आठवड्याच्या आत घरी जायचे. या भेटीचा मोबदला तिला वेगळा मिळाला पाहिजे. २०२३-२४ मध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला तो मोबदल्यासाठी. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकट काम टाकून ही साखळी जोडली जाणार नाही.

४. शंभरात तीन, आणि म्हणूनच

या मांडणीत एक कठीण जागा आहे, आणि ती माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भोर आणि वेल्हे मिळून लोकसंख्या सुमारे २ लाख ४० हजार. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर वर्षाला साडेतीन हजारांवर बाळंतपणे. वर सांगितलेल्या बेंगळुरूच्या अभ्यासात कॅल्शियम घेऊनही शंभरातल्या तीन-साडेतीन स्त्रियांना हा आजार झाला. तेच प्रमाण इथे लावले तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला शंभरेक बायका. आकडा ढोबळ आहे, पण तो उपकेंद्रांवर वाटून पाहा. डोंगरी भागात एक उपकेंद्र तीन हजार लोकांमागे असायला हवे. म्हणजे वर्षाला चाळीस-पन्नास बाळंतपणे, आणि त्यांत ही बाई एखाददुसरी. प्रत्यक्ष झटके आलेली बाई तर उपकेंद्रातल्या एखाद्या सिस्टरला (एएनएम) कित्येक वर्षांत भेटणार नाही.

म्हणजे आपण त्या सिस्टरला सांगतो आहोत की शेकडो वेळा मोज, त्यातल्या बहुतेक सगळ्या वेळा काही सापडणार नाही, तरी प्रत्येक वेळी पहिल्यासारखेच नीट मोज. माणसाच्या स्वभावाला हे जड आहे. इथेच मोजणी नावापुरती उरते. जुनी कार्डे चाळली तर अनेकदा ११०/७० आणि १२०/८० यांचीच रांग दिसते. रक्तदाब इतका शिस्तीत शून्यावर संपत नसतो.

नीट मोजणे म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहू. बाई चढण चढून उपकेंद्रात येते. तिला आधी पाच मिनिटे पाठीला टेका देऊन, पाय जमिनीवर टेकवून, न बोलता बसू द्यायचे. पट्टा उघड्या दंडावर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्या वर पट्टा बांधला तर आकडा चुकतो. दंड टेबलावर, छातीच्या पातळीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा, नाहीतर रक्तदाब आहे त्याहून जास्त येतो. १४० च्या वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा. काट्याचे यंत्र वापरात असेल तर ते वेळोवेळी तपासून घ्यायचे, कारण काटा सरकतो. बाजारातली सगळी डिजिटल यंत्रे गरोदर स्त्रियांसाठी पारखलेली नसतात, हे खरेदी करणाऱ्याने पाहायचे. त्याच वेळी लघवीत पट्टी बुडवून प्रथिन बघायचे, आणि डोके दुखते का, नजर धूसर होते का, छातीखाली दुखते का, हे तीन प्रश्न विचारायचे. एकूण पंधरा मिनिटांचे काम. ओपीडीच्या दिवशी बाहेर पंचवीस बायका बसलेल्या असतात तेव्हा ही पंधरा मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न सिस्टरच्या निष्काळजीपणाचा नाही, मनुष्यबळाचा आहे. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. बत्तिसाव्या आठवड्यानंतर दर आठवड्याची मोजणी हे त्यांचे पहिले काम ठरवता येईल, कारण या कामाइतके नेमके कारण त्या पदाला दुसरे नाही.

५. रस्त्याचे काय, असे विचारणाऱ्यांना

पहिला आक्षेप उघड आहे. मोजून काय उपयोग, नेणार कुठे? भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. गंभीर बाईला तिथून पुण्याला, ससूनला पाठवावे लागते. भोर-पुणे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि खोऱ्यातल्या वस्तीपासून आधी भोर गाठायचे ते वेगळेच. हे सगळे खरे आहे. बाळंतपणानंतर रक्त जाऊ लागले तर हिशेब मिनिटांचा असतो, आणि तिथे रस्ता आणि १०८ ची गाडी यांना पर्याय नाही. पण तेहतिसाव्या आठवड्यात १४४/९२ सापडलेल्या बाईला मध्यरात्री पळवावे लागत नाही. ती दिवसाउजेडी एसटीने जाऊ शकते. मोजणी वेळेवर झाली तर रस्ता कमी क्रूर होतो. अचानक, आधी काहीही न दाखवता झटके येणाऱ्या काही बायका असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यासाठीही उपकेंद्रात काही करता येते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेनुसार एएनएमने मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायचे असते: प्रत्येक कुल्ल्यात खोल पाच ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा अँप्युल फोडायच्या. त्या दहा अँप्युल कपाटात आहेत का आणि त्यांची मुदत संपलेली नाही ना, हे पाहायला रस्ता लागत नाही.

या औषधाबद्दल शंका उरलेली नाही. १९९५ चा नऊ देशांतला अभ्यास, ज्यात भारतही होता, दाखवून गेला की झटके पुन्हा येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत मॅग्नेशियम सल्फेटने निम्म्याहून खाली येतो. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या मॅग्पाय अभ्यासात पहिला झटका येण्याचा धोकाच ५८ टक्क्यांनी घटला. आपल्या सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या स्त्रियांसाठी याची कमी मात्रा सुचवली, २००३ मध्ये. महाराष्ट्राला हे औषध परके नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनही ऐकू येतो: बाळ-वार बाहेर येईपर्यंत आजार बरा होत नाही, मग नुसते मोजून हातात काय? हातात वेळ. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्त्री रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ८९४ स्त्रियांवर अभ्यास झाला. १६०/११० च्या वर गेलेला रक्तदाब साध्या तोंडी गोळ्यांनी उतरवता येतो का, हा त्याचा प्रश्न होता. निफेडिपीन दिलेल्यांत ८४ टक्के, लॅबेटॅलॉल दिलेल्यांत ७७ आणि मिथिलडोपा दिलेल्यांत ७६ टक्के स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत, काही अपाय न होता, आवाक्यात आला. सलाइन नको, मॉनिटर नको. ज्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतात, त्यांच्याबद्दल हे महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांनी जगाला दाखवून दिले. या मिळालेल्या वेळात कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शने देता येतात, आणि बाळंतपण कुठे व कधी करायचे ते शांतपणे ठरवता येते.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेतो. आपल्या शेजारी, मराठी माणसांच्या ओळखीच्या बेळगाव जिल्ह्यात आणि बागलकोटमध्ये, आशा आणि एएनएम यांच्या हाती मोबाइलवरची तपासणी, तोंडी गोळी आणि मॅग्नेशियमचे इंजेक्शन देऊन मोठा प्रयोग झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तो झाला. २०२० मध्ये निष्कर्ष आले. गावपातळीवरच्या या योजनेने माता आणि बाळांच्या एकूण हानीत घट झाली नाही. मग माझे म्हणणे कोसळत नाही का? मला तसे वाटत नाही. त्याच अभ्यासात आठ किंवा अधिक भेटी झालेल्या स्त्रियांची स्थिती बरी दिसली. अर्थात जास्त भेटी होणाऱ्या बायका मुळातच जास्त सोयीच्या घरांतल्या असू शकतात, म्हणून याला पुरावा म्हणणे घाईचे होईल. पण यंत्र आणि ॲप दिले म्हणजे सातत्य आले असे होत नाही, आणि मोजणाऱ्याच्या मागे उभे राहणारे रुग्णालय नसेल तर मोजणी वाया जाते, हे त्यातून उघड दिसते. भोर-वेल्ह्याला बेळगावकडून शिकायचे ते हेच.

चौथा आक्षेप घराघरांत असतो: "सारखं बीपी बघायला लागले की शेवटी सिझर करतात." भीती निराधार नाही. पण नेदरलँड्समधल्या २००९ च्या अभ्यासात सौम्य वाढलेल्या रक्तदाबाच्या स्त्रियांना छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर कळा आणून बाळंत केले, तेव्हा आईला होणारे अपाय कमी झाले आणि सिझरचे प्रमाण वाढले नाही. सिझर टाळायचे असेल तर आजार लवकर सापडणे हाच बाईच्या बाजूचा मुद्दा आहे. झटके येत असलेल्या अवस्थेत आणलेल्या बाईपुढे निवड फार थोडी उरते.

६. बाळंत झाली म्हणजे सुटली नाही

महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, आणि २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या. देशाचा आकडा ९७ होता. ही मोठी कमाई आहे. तिच्याच पोटात "दवाखान्यात बाळंत झाली, आता काळजी नाही" हा समज वाढला. वार निघाली तरी रक्तवाहिन्यांचे बिघडलेले अस्तर त्याच दिवशी सुधारत नाही. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढतो. झटके नंतरही येतात, गरोदरपणात सगळे आकडे चांगले असलेल्या बाईलाही.

त्या दिवसांत ती कुठे असते? माहेरच्या आतल्या खोलीत, कानाला रुमाल बांधून, शेकशेगडीजवळ. डोके दुखते म्हणाली तर "झोप नाही, वारं लागलं असेल" हे उत्तर तयार असते, आणि ते प्रेमाने दिलेले असते. याच खोलीत आशाताई तिसऱ्या दिवशी येते, सातव्या दिवशी येते, पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येते. नवजात बाळाच्या घरभेटींची ही देशव्यापी पद्धत गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. तिने किती बाळे वाचवली याचा महाराष्ट्राला अभिमान वाटलाच पाहिजे. पण आशाताईच्या पिशवीतून वजनकाटा निघतो, थर्मामीटर निघतो, घड्याळ निघते. आईच्या दंडाला बांधायचा पट्टा निघत नाही. ती घरात आलेली आहे, बाळंतिणीच्या शेजारी बसलेली आहे, आजाराचा चढ नेमका त्याच दिवसांत आहे, आणि रक्तदाब मोजला जात नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या या दोन भेटींत आईचा रक्तदाब मोजणे एवढा एकच बदल आज करता आला, तर मी तोच आधी मागेन. काही हजार रुपयांचे पारखलेले यंत्र, थोडे प्रशिक्षण, त्या कामाचा मोबदला, आणि १५० च्या वर आकडा आला तर फोन कोणाला करायचा ते पिशवीवर लिहिलेले.

७. दुसऱ्या खेपेला

हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि पुढच्या आयुष्यात कायमचा रक्तदाब जडण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तीन-साडेतीन पट असते. पुढच्या खेपेसाठी एक उपाय हाताशी आहे: कमी मात्रेची ॲस्पिरिन. जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ती अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत सुरू केली तर वेळेआधी उद्भवणारा हा आजार ६२ टक्क्यांनी घटतो, असे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. ती सहाव्या महिन्यात सुरू करून फारसा उपयोग नाही.

आणि दुसरे बाळंतपण बहुधा सासरी होते. पहिल्या खेपेचे डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात असते. सासरच्या उपकेंद्रात तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवताना विचारतात, "आधीचं बाळंतपण कसं झालं?" ती सांगते, "सिझर झालं, बीपी वाढलं होतं थोडं." हे "थोडं" किती होते, कितव्या आठवड्यात, लघवीत प्रथिन होते का, झटके आले होते का, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नसते. म्हणून घरी सोडतानाच तिच्या हातात, तिला वाचता येईल अशा मराठीत, चार ओळी लिहून द्यायला हव्यात: तुला कोणता आजार झाला होता, सर्वांत जास्त रक्तदाब किती होता, पुढच्या वेळी दिवस गेले की तिसरा महिना संपण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखव, आणि वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घे. या चार ओळी सासरच्या उपकेंद्राला फोनवरही कळवायच्या. माहेरहून सासरी जाताना बाळाचे कपडे, डिंकाचे लाडू आणि लसीकरणाचे कार्ड बांधून दिले जाते. हा कागद त्याच पिशवीत गेला पाहिजे, आणि तो तिथे ठेवण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे.